नकाशाचे स्वामित्व : पनवेलच्या निमित्ताने

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमातील एक वर्गवारी साहित्याच्या अभ्यासकांना मौजेची वाटावी. त्या कायद्याच्या दृष्टीने नकाशा ही कलाकृती आहे. चित्र, शिल्प, रेखाकृती यांच्याच पंक्तीत तो बसतो. नकाशा ज्या सारणीवरून काढला जातो, म्हणजे गावांची नावे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, ती सारणी मात्र साहित्यकृती ठरते. कारण कोष्टके, संकलने आणि संगणकावरील विदासंच यांचा समावेश कायद्याने साहित्यकृतीच्या व्याख्येत केलेला आहे. एकाच भूभागाविषयीचे एकच ज्ञान रेषांत मांडले की कला, रकान्यांत मांडले की साहित्य. कवितेचे आणि गावांच्या यादीचे हे कायदेशीर भाऊबंदकीचे नाते आपल्या समीक्षकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. ते आले असते तर भौगोलिक विदेच्या परवान्यांचा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो नसतो.

हा प्रश्न असा: एका नकाशातले गावाचे नाव दुसऱ्या नकाशात नेण्यास कोणाची अनुमती लागते, आणि ती अनुमती कोणत्या शब्दांत दिलेली असते? शब्द निरनिराळे असले, तर दोन्ही नकाशे सर्वांना खुले असूनही एकमेकांत मिसळता येत नाहीत. परवान्यांच्या प्रमाणीकरणाचा सारा खटाटोप याच अडचणीतून निघाला. ती अडचण समजून घेण्यास आम्हांला पनवेल आणि त्याचा परिसर विशेष सोयीचा वाटतो. कारण गेल्या दीडशे वर्षांत जितक्या कचेऱ्यांनी या तालुक्याला नकाशावर मांडले, तितकी भाग्ये फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली असतील.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पनवेलची माहिती शोधू जाणारा विद्यार्थी बहुधा कुलाबा जिल्ह्याचा खंड उघडतो आणि निराश होतो. ती आहे ठाणे जिल्ह्याच्या खंडात. तो १८८२ चा; पनवेल कुलाब्याकडे गेले ते १८८३ मध्ये. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबईचा आराखडा आला. २०१६ मध्ये पनवेलची नगरपालिका महानगरपालिका झाली. दरम्यान शेतांच्या मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे, डोंगर-नद्यांचे नकाशे देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाकडे, नगररचनेचे नकाशे सिडकोकडे आणि मग महापालिकेकडे. प्रत्येकाची मापे वेगळी, हेतू वेगळा, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नक्कल करू देण्याच्या अटी वेगळ्या.

यांतील सर्वेक्षण विभागाच्या नकाशांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. हा विभाग १७६७ चा. त्याने उपखंडाची चौकटींत केलेली विभागणी हे प्रमाणीकरणाचे उत्तम उदाहरण आहे. चार अंश लांबी-रुंदीच्या चौकटीला एक क्रमांक, तिच्या सोळा भागांना इंग्रजी वर्णमालेतील सोळा अक्षरे, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग. पनवेल शहर येते ते ४७ एफ/१ या पत्रकात. परंतु १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा शहराला लागूनच उत्तरेकडून जात असल्यामुळे कळंबोली आणि तळोजा ४७ ई/४ मध्ये जातात, आणि उरणसाठी ४७ बी/१३ काढावे लागते. तीन पत्रके शेजारी ठेवली की कडा तंतोतंत जुळतात. मोजणीचे व्याकरण एक असल्याचा हा लाभ. रेषा जुळाव्यात म्हणून एवढे कष्ट घेणाऱ्या राज्यसंस्थेला त्या रेषा वापरण्याच्या अटी जुळाव्यात असे मात्र फार उशिरा वाटले.

स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षण मंत्रालयाच्या आदेशांनी भूसीमा आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणावरचे नकाशे निर्बंधित केले. पनवेल खाडीच्या काठी. तेव्हा त्याची पत्रके या पट्ट्यात आलीच. सामान्य वाचकाला ती मिळवायची तर अर्ज, हमीपत्र आणि प्रतीक्षा. याचा परिणाम असा की ज्या दशकांत पनवेल-उरणच्या शेतजमिनी आणि मिठागरे यांचे रूप सर्वांत वेगाने पालटत होते, नेमक्या त्याच दशकांचे तपशीलवार नकाशे तेथल्या शिक्षकांच्या, लेखकांच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या हाती सहज येत नव्हते. किनाऱ्याचे रक्षण करण्याच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. परंतु ज्याला खाडीतील प्रत्येक उथळ जागा पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे त्या कोळ्यापासून खाडीचा नकाशा लपविण्यात कोणते संरक्षण साधते, हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आगरी समाजातील धवल्यांचे संकलन हाती घेतले. लग्नविधीत धवलारीण जी गीते गाते ती कोणत्या गावी, कोणत्या पाठभेदासह ऐकली, याचा नकाशा केल्यावाचून असे संकलन अपुरे राहते. बोलीच्या अभ्यासात स्थळ हा संदर्भच असतो. पनवेल तालुक्यात हे काम करताना लवकरच एक चमत्कारिक अडचण येईल. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा अशा दहा वस्त्या उठवाव्या लागल्या. उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विस्थापितांसाठी वसविलेल्या वसाहतीला नाव मिळाले पुष्पकनगर. नामकरण करणाऱ्याची पुराणांवरील भक्ती वाखाणण्यासारखी आहे. पण कोंबडभुजे हे नाव ज्या मातीतून आले ती माती त्या नावात नाही. गाणारी बाई पुष्पकनगरात राहते आणि गाणे कोंबडभुज्याचे आहे. नकाशावर ते कोठे दाखवायचे?

जुन्या ठिकाणीच दाखवले पाहिजे, हे उघड आहे. मग ते ठिकाण घ्यायचे कोठून? सर्वेक्षण विभागाच्या पत्रकात ते आहे, पण त्याचा प्रताधिकार शासनाचा. सिडकोच्या आराखड्यात आहे. तेथे नकलेच्या अटी निराळ्या. उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रावरून ओळखता येईल, पण ती छायाचित्रे दाखवणाऱ्या कंपनीच्या करारात त्यांवरून विदा उतरवून घेण्यास बहुधा मनाई असते. विकिपीडियावरून घ्यावे तर तिचा परवाना म्हणतो की श्रेय द्या आणि पुढील रूपही याच अटींवर खुले ठेवा. विकिडेटावरून घ्यावे तर तेथे कसलीच अट नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्यावे तर तेथे विदासंचापुरता स्वतंत्र परवाना. एका गावाचे एकच नाव, सहा दारे, आणि प्रत्येक दाराला वेगळी कडी.

येथे कोणी विचारील की गावाचे नाव ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कोणाचा कसला प्रताधिकार? प्रश्न रास्त आहे, आणि परवान्यांचा इतिहास खऱ्या अर्थाने त्याच्यापासूनच सुरू होतो. वस्तुस्थितीवर प्रताधिकार नसतो. तिच्या निवडीत आणि मांडणीत काही सर्जन असेल तर तेवढ्यापुरता असतो. अमेरिकेत दूरध्वनी-पुस्तिकेच्या खटल्यात १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आपल्याकडे डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तीच दिशा धरली. त्या खटल्याचा विषय होता न्यायनिर्णयांच्या संपादित प्रती: मूळ निर्णयावर प्रकाशकाचा हक्क नाही, परिच्छेद पाडण्यासारख्या संपादकीय संस्कारात निर्णयबुद्धी लागली असेल तर त्यापुरता आहे, निव्वळ श्रमाला नाही. पाठसंपादन करणाऱ्या प्रत्येक मराठी अध्यापकाने हा निर्णय वाचावा असे आम्ही सुचवू. संतांच्या अभंगांची चिकित्सक प्रत आणि गावांची सूची या दोहोंचा प्रश्न तेथे एकाच तराजूत तोलला गेला आहे.

युरोपने मात्र वेगळा मार्ग धरला. १९९६ च्या निर्देशानुसार तेथे विदासंच जमवण्यासाठी केलेल्या गुंतवणुकीलाच पंधरा वर्षांचे स्वतंत्र संरक्षण मिळाले. सर्जन असो वा नसो. म्हणजे एकच यादी पनवेलात बव्हंशी मुक्त आणि लंडनमध्ये राखीव. आंतरजालावरचा नकाशा दोन्हीकडे एकाच वेळी पाहिला जातो, ही त्यातली मेख.

लंडनचे नाव सहज आले नाही. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅपचा आरंभ केला तो तेथील सरकारी नकाशा-संस्थेच्या कडक अटींना कंटाळून. लोकांनी रस्त्यारस्त्यांवरून हिंडून आपापला परिसर नोंदवावा आणि तो नकाशा सर्वांचा असावा, ही कल्पना. परवाना त्यांनी घेतला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय द्या आणि तशाच अटींवर वाटा असे सांगणारा. हा परवाना लेख, छायाचित्रे, गाणी यांसाठी लिहिलेला होता. लेख कोठे संपतो आणि त्यावरून झालेली नवी कृती कोठे सुरू होते, हे साधारण सांगता येते. विदेचे तसे नसते. नकाशातील दहा हजार नावांपैकी चाळीस नावे एखाद्या कादंबरीच्या परिशिष्टात छापली, तर ती सबंध कादंबरी नकाशाच्या अटींखाली येते काय? आणि शेकडो लोकांनी नोंदी केलेल्या असताना श्रेय द्यायचे कोणाकोणाला?

या शंकांतून २००९ मध्ये विदासंचासाठी खास लिहिलेला ओपन डेटाबेस लायसन्स हा परवाना सिद्ध झाला. त्याने केलेला एक भेद आम्हांला फार मार्मिक वाटतो, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यास चटकन कळेल असा आहे. विदासंच वेगळा आणि विदासंचावरून निर्माण केलेली कृती वेगळी. नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांत जो भेद तोच हा. छापील नकाशा म्हणजे प्रयोग. त्याखाली संहितेचा नामनिर्देश केला की पुरे, तो नकाशा आपण आपल्या अटींवर प्रसिद्ध करू शकतो. संहितेतच फेरफार करून त्यावर जाहीर प्रयोग केला, तर ती बदललेली संहिता त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. आणि जेथे प्रताधिकार नाही, युरोपातला विदासंच-हक्कही नाही, तेथे हा परवाना करार म्हणून उभा राहतो. तीन पायांची ही तिवई कोणत्या देशात किती पक्की उभी राहील याविषयी विधिज्ञांत मतभेद आहेत. करार करणाऱ्यालाच बांधतो, तिसऱ्याला नाही, हा आक्षेप तर अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे.

परवाना बदलणे म्हणजे फलक बदलणे नव्हे. ज्यांनी जुन्या अटींवर नोंदी दिल्या त्या प्रत्येकाची संमती हवी होती. काहींनी नकार दिला, काहींचा पत्ताच लागला नाही. २०१२ च्या जुलैत अशा लोकांच्या नोंदी एका स्वयंचलित प्रोग्रामद्वारे नकाशातून वगळण्यात आल्या, आणि सप्टेंबरात नव्या परवान्याखाली विदा प्रसिद्ध झाली. रस्ते जागच्या जागी होते, नकाशातून तेवढे गेले. हस्तलिखितांच्या परंपरेत पाने गहाळ होतात ती वाळवीने, ओलीने, निष्काळजीपणाने. कायद्याच्या शुद्धतेसाठी पाने हेतुपुरस्सर काढून ठेवण्याचा हा प्रसंग ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात नोंदवून ठेवावा असाच आहे. ते चुकले असे आम्ही म्हणत नाही. संमतीवाचून घेतलेले दान परत करण्यातही एक नीती आहे. पण त्याची किंमत दिसत राहते.

आपल्या देशातील हालचाल याच सुमाराची. मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या दोन मालिका केल्या: संरक्षण दलांसाठी एक आणि सर्वांसाठी खुली दुसरी. खुल्या मालिकेतील प्रत्येक पत्रकातून संवेदनशील स्थळे वगळून संरक्षण मंत्रालयाची एकदाच संमती घ्यायची, अशी योजना. पाऊल मोठेच होते. तथापि 'खुली' याचा अर्थ पाहण्यास खुली एवढाच होता. वापराच्या प्रकारागणिक वेगळी अनुज्ञप्ती घ्यावी लागे. मार्च २०१२ मध्ये विदा वाटून घेण्याविषयीचे राष्ट्रीय धोरण राजपत्रात आले. त्याने शासकीय विदेचे मुक्त, नोंदणीसह आणि निर्बंधित असे तीन वर्ग केले. धोरण आले, त्याच वर्षी संकेतस्थळ आले, आणि सर्वांना लागू असा प्रमाण परवाना मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. मधली पाच वर्षे विदा होती, धोरण होते, आणि ती नेमकी कोणत्या शब्दांवर विसंबून वापरायची ते एका मसुद्यात सांगितलेले नव्हते.

या दोहोंच्या मधोमध, मे २०१६ मध्ये, गृह मंत्रालयाने एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. विनापरवानगी भौगोलिक माहिती मिळवणाऱ्यास एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद त्यात सुचविली होती. शब्दशः वाचले तर धवलारिणीच्या घराचे अक्षांश-रेखांश टिपून घेणारी विद्यार्थिनीही त्यात सापडली असती. टीका बरीच झाली, आणि विधेयक कायद्यापर्यंत पोहोचले नाही. अवघ्या नऊ महिन्यांनी प्रसिद्ध झालेला शासकीय मुक्त विदा परवाना मात्र अतिशय समंजस आहे: स्रोताचा उल्लेख करा, मग व्यापारासाठीसुद्धा वापरा, रूपांतर करा, वैयक्तिक माहिती आणि संवेदनशील विदा यांना तो लागू नाही. एकाच राज्यसंस्थेच्या दोन कचेऱ्यांतून वर्षाच्या आत निघालेले हे दोन मसुदे शेजारी ठेवून वाचणे हे गद्यशैलीच्या वर्गासाठी उत्तम टिपण ठरेल. एकात प्रत्येक वाक्य वाचकाकडे संशयाने पाहते, दुसऱ्यात विश्वासाने.

त्याच २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेची पत्रके संकेतस्थळावरून विनामूल्य दिली, पण आधार क्रमांक मागून. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्वपरवानगीची अट भारतीय व्यक्ती आणि संस्थांपुरती काढून टाकली. स्वयंप्रमाणन पुरेसे ठरले. एक मीटरहून सूक्ष्म मापाची विदा भारतातच साठवावी, आणि परकीय संस्थांनी ती भारतीय संस्थांकडून परवान्याने घ्यावी, अशा अटी राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आले. ज्या किनाऱ्याचा नकाशा हाती धरण्यास हमीपत्र लागत होते तो आता महाविद्यालयातील कोणीही स्वतः मोजून प्रसिद्ध करू शकतो. या बदलाचे महत्त्व आम्हांला कमी लेखायचे नाही.

परंतु मोजता येईल ते आजचे पनवेल. कोंबडभुजे मोजता येणार नाही. तेथे आता धावपट्टी आहे. जुन्या स्थळांसाठी जुनी विदाच लागते, आणि ती जेथे आहे तेथल्या अटींवर. ओपनस्ट्रीटमॅपचा नियम असा की जमिनीवर आज जे आहे तेच नकाशात असावे. गेलेल्या स्थळांसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा उपक्रम आहे. स्वाभाविक वाटेल की उठलेल्या वस्तीची नोंद पहिल्यातून काढून दुसऱ्यात ठेवावी. ते थेट करता येत नाही. पहिल्याचा परवाना अटींसह, दुसऱ्याची विदा सामान्यतः विनाअट. अटींचे पाणी विनाअट भांड्यात ओतता येत नाही, जोवर मूळ नोंद करणारे तशी संमती देत नाहीत. दोन्ही उपक्रम मुक्त ज्ञानाच्या एकाच परंपरेतले आहेत, आणि तरी त्यांच्यामध्ये गावाच्या नावाला ओलांडता येत नाही अशी खाडी आहे. प्रमाणीकरण म्हणजे सर्वांनी एकच परवाना स्वीकारणे, असा आग्रह आम्ही धरणार नाही. श्रेयाची अट आणि खुले ठेवण्याची अट यांमागे निरनिराळे विचार आहेत. पण कोणता परवाना कोणत्या परवान्यात सामावतो हे त्या परवान्यांनीच स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढी अपेक्षा गैर नाही. सर्वेक्षण विभागाने कडा जुळवल्या त्या सर्व पत्रके सारखी करून नव्हे. प्रत्येक पत्रकाच्या समासात शेजारच्या पत्रकाचा क्रमांक छापून.

तोवर एक संथ पण खात्रीची वाट उरते, ती काळाची. शासकीय प्रकाशनाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले. १९९१ अखेर त्यांचे साहित्य सर्वांसाठी मुक्त होणार, तेवढ्यात मुदत दहा वर्षांनी वाढविण्यात आली. त्या वेळी चर्चा झाली ती विश्वभारतीच्या हक्कांची. १९९२ च्या त्याच दुरुस्तीने शासकीय नकाशांची मुदतही वाढली, याकडे साहित्यिकांपैकी कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. या हिशेबाने १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले पत्रक २०२५ अखेर प्रताधिकारमुक्त होते. सिडकोच्या स्थापनेच्या वर्षी, म्हणजे १९७० मध्ये, छापलेल्या पत्रकासाठी १ जानेवारी २०३१ पर्यंत थांबावे लागेल. रवींद्रनाथांसाठी झालेली ती दुरुस्ती नसती, तर ते २०२१ च्या पहिल्या दिवशीच मोकळे झाले असते, उलव्याच्या टेकडीचे काम चालू असताना.